सुटकेचा हिशेब

मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर यांपैकी कोणत्याही शहराचे वृत्तपत्र घ्या. अधूनमधून आतल्या पानावर एका ठरावीक साच्याची बातमी आढळते. पोलिसांना खबऱ्याकडून माहिती मिळते, बनावट गिऱ्हाईक पाठविले जाते, खुणेच्या नोटा हातोहात जातात, इशारा होताच पथक आत शिरते आणि तीन, पाच किंवा आठ 'पीडित महिलांची सुटका' होते. सोबत एखादी घरवाली आणि एखादा दलाल अटकेत, जप्त केलेली रोकड, जप्त केलेले मोबाइल. पथकातील अधिकाऱ्यांची नावे हुद्द्यांसह दिलेली असतात. बातमी तेथे संपते. ज्यांची सुटका झाली त्या स्त्रिया तिसऱ्या महिन्यात कोठे होत्या, पकडलेला दलाल जामिनावर केव्हा बाहेर आला आणि काही वर्षांनी न्यायालयात त्या प्रकरणाचे काय झाले, हे त्याच वाचकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. पोलीस खात्याच्या वार्षिक कामगिरीतही छाप्यांची व सुटकांची संख्या मानाने मिरवते. खटल्यांच्या निकालांची संख्या मात्र शोधावी लागते.

छापे घालू नयेत असे आमचे म्हणणे नाही. कोंडून ठेवलेल्या अल्पवयीन मुलीला बाहेर काढण्यास दार फोडण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. पण दार फोडल्यावर आतल्या माणसांपैकी कायद्याचा गुन्हेगार कोण, हे ओळखण्यात आपली यंत्रणा गेली कित्येक दशके चुकत आली आहे, आणि ती चूक केवळ शिपायाच्या अज्ञानाची नसून खुद्द कायद्याच्या घडणीत मुरलेली आहे, असे आम्हांस वाटते.

वेश्याव्यवसाय हाच आपल्या देशात गुन्हा आहे, अशी समजूत चांगल्या सुशिक्षित माणसांतही आहे. वस्तुतः तसे नाही. स्त्रियांच्या क्रयविक्रयाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्क येथे सही केली आणि त्याला अनुसरून संसदेने १९५६ साली कायदा केला. १९५८ पासून तो अंमलात आला. १९८६ च्या दुरुस्तीने त्यास 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम' हे आजचे नाव मिळाले. पोलिसांच्या आणि वकिलांच्या बोलीत तो 'पीटा'. या कायद्याचा रोख व्यापाऱ्यावर आहे. कुंटणखाना चालविणे, त्यासाठी जागा देणे, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणे, मुलीला या धंद्यासाठी आणणे, तिला डांबून ठेवणे हे त्यातील मुख्य गुन्हे. स्त्रीने स्वतःचा देह विकणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा म्हणून कोठेही सांगितलेला नाही.

परंतु हा कायदा दोन मनांनी लिहिला गेला. व्यापाऱ्याला शिक्षा करावी असे एका मनाला वाटत होते. रस्त्यावरचे ओंगळ दृश्य सभ्य लोकांच्या नजरेआड व्हावे असे दुसऱ्याला. दुसऱ्या मनाने लिहिलेली कलमे म्हणजे सातवे आणि आठवे. देवालय, शाळा, रुग्णालय अशा ठिकाणांपासून दोनशे मीटरांच्या आत धंदा करणे आणि सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे यांस शिक्षा आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या दाट वस्तीत देऊळ, मशीद किंवा शाळा यांपासून दोनशे मीटर दूर असलेली गल्ली दाखवून द्यावी! म्हणजे जे कलम अपवादासाठी होते ते सर्रास लागू पडते. आठव्या कलमात तर आणखी एक मखलाशी आहे. गिऱ्हाईक बोलावण्याबद्दल स्त्रीला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच गुन्हा पुरुषाने केला तर कैद सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. हा भेद कोणत्या न्यायाने केला, याचे समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात आलेले नाही.

ही कलमे पोलिसांच्या हाताला सोयीची पडतात. दलालाला पकडण्यास पाळत ठेवावी लागते, पैशाचा माग काढावा लागतो, परप्रांतात जावे लागते. रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला पकडण्यास एक संध्याकाळ पुरते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत अभ्यासात हेच उघड झाले होते, की व्यापाऱ्यांसाठी केलेल्या या कायद्याखाली धरल्या गेलेल्यांत मोठा भरणा ज्यांचा व्यापार झाला त्या स्त्रियांचाच होता.

असा उलटा न्याय या शहराला नवा नाही. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने स्त्रियांची नोंद आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी ठरविली, ती गोऱ्या सैनिकांच्या प्रकृतीसाठी. सैनिकाची तपासणी कोणी केली नाही. १९१७ साली मुंबईतील डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या स्त्रीला पळून जाण्याचा प्रयत्न केल्याबद्दल हालहाल करून मारण्यात आले. त्या खटल्याने शहर हादरले, चौकशी समिती नेमली गेली आणि १९२३ साली मुंबई प्रांताचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या प्रकरणातही कोंडून ठेवणारे लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक होते, कुंटणखाना पोलिसांच्या माहितीतला होता. कायद्याला जाग येण्यास एका स्त्रीचा जीव जावा लागला, आणि जाग आल्यावर जो कायदा झाला त्याची झळही रस्त्यावरच्या बायकांनाच आधी लागली.

आता सुटकेकडे वळू. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील मजकुराची स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांनी कामाठीपुरा व आसपासच्या भागांतून चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढल्या. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. छापा म्हणून ती कामगिरी मोठीच होती. परंतु इतक्या जणींना ठेवावयाचे कोठे, याचा विचार छाप्याच्या आदल्या दिवशी कोणी केलेला नव्हता. त्यांना राज्यभरच्या निरनिराळ्या गृहांत दाटीवाटीने ठेवण्यात आले, त्यांच्या रक्ताच्या चाचण्या त्यांना न विचारता झाल्या, आणि नेपाळ सरकार त्यांना परत घेण्यास उत्सुक नव्हते. अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढे होऊन त्यांपैकी अनेकींना मायदेशी नेले, तोवर उन्हाळा सरला होता. सुटका झालेल्या मुलीला आपण सुटलो की पुन्हा पकडलो गेलो, हे कळू नये अशी ती स्थिती.

त्या घटनेला तीस वर्षे होत आली. या काळात कायद्याची भाषा सुधारली, हे मान्य केले पाहिजे. २००२ साली 'प्रेरणा' या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने बजावले, की सुटका झालेली मुलगी अल्पवयीन असेल तर ती बालकल्याण समितीपुढेच गेली पाहिजे, तिला कोणाच्याही हवाली करू नये आणि आरोपी दलालाच्या वकिलाने त्याच प्रकरणात त्या मुलीचेही वकीलपत्र घेऊ नये. हा शेवटचा मुद्दा सामान्य वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण न्यायालयांत नेमके हेच चालत असे. ज्याने मुलगी विकत घेतली त्यानेच नेमलेला वकील 'मुलगी सज्ञान आहे, तिला सोडावे' असा अर्ज करी, दारात तिचे कोणी 'काका' किंवा 'मावशी' उभे असत आणि संध्याकाळपर्यंत मुलगी जेथून आणली तेथेच परत जाई. २०१३ साली दंडसंहितेत मानवी व्यापाराची स्वतंत्र व्याख्या आली; १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्ष उभे राहिले. एक सर्वंकष विधेयक २०१८ साली लोकसभेत संमत झाले, परंतु राज्यसभेपर्यंत न पोहोचता लोकसभेच्या मुदतीबरोबर ते निकालात निघाले.

दुसऱ्या बाजूला सज्ञान स्त्रीचा प्रश्न आहे आणि आमच्या मते सर्वांत अधिक घोटाळा तेथेच होतो. छाप्यात सापडलेल्या प्रत्येक स्त्रीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात. सतराव्या कलमाखाली चौकशी होऊन तिला संरक्षणगृहात एक ते तीन वर्षे ठेवण्याचा हुकूम होऊ शकतो. गुन्हा नाही, आरोपपत्र नाही, शिक्षा नाही, तरी तीन वर्षांपर्यंत बंदिवास! ज्या घरवालीला गुन्हेगार म्हणून धरले ती पंधरवड्यात जामिनावर घरी आणि जिला वाचविले ती कुलपाआड, असे विपरीत चित्र यातून निर्माण होते. २०२० च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी अशाच तीन तरुण सज्ञान स्त्रियांना मुक्त करण्याचा हुकूम दिला. देहविक्रय हा या कायद्याखाली स्वतः गुन्हा नाही, आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. न्यायालयाने सांगितले ते कायद्यात आधीपासूनच होते. ते सांगून घेण्यासाठी तिघींना मात्र वर्षभर वाट पाहावी लागली.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशाविषयी तर बराच गैरसमज पसरलेला दिसतो. बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात नेमलेल्या समितीने दहा शिफारशी केल्या होत्या. न्यायालयाने त्यांपैकी सहांचे काटेकोर पालन करण्यास राज्यांना फर्माविले. उरलेल्या चारांविषयी केंद्र सरकारने आक्षेप नोंदविले असल्याने त्या तशाच राहिल्या. छाप्यात सज्ञान, स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला अटक करू नये, तिला दंड वा त्रास देऊ नये, ही शिफारस नेमकी त्या उरलेल्या चारांत आहे. म्हणजे 'सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना मनाई केली' असे जे छापून आले ते अर्धेच खरे. बंधनकारक झालेल्या सहांत मात्र एक महत्त्वाची बाब आहे: राज्यांनी आपल्या संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणे तपासावीत व त्यांच्या सुटकेची व्यवस्था करावी. महाराष्ट्र सरकारने या पाहणीचा तपशील गृहवार जनतेपुढे ठेवावा, अशी आमची मागणी आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. 'स्वेच्छा' म्हणजे काय? कर्जाच्या हप्त्यात अडकलेली, गावी परतण्याची सोय नसलेली, कमाईचा अर्धा वाटा घरवालीला 'अधिया' म्हणून देणारी बाई 'मी राजीखुशीने आहे' असे म्हणते तेव्हा ते शब्द तिचे की तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाचे? पोलीस अधिकाऱ्याने दहा मिनिटांत हे कसे ओळखावे? कित्येक मुली पंधराव्या-सोळाव्या वर्षी विकल्या जातात आणि अठरावे उलटल्यावर त्यांनाच 'सज्ञान व राजी' म्हणून दाखविले जाते. या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. परंतु सक्ती आहे की नाही हे ठरविण्यासाठी स्त्रीला कोंडणे हा मार्ग नव्हे, हे निश्चित. तिला घरवालीपासून दूर, स्त्री-कार्यकर्तीच्या सोबत, तिच्या स्वतःच्या भाषेत बोलू द्यावे आणि तिचा स्वतंत्र वकील असावा. सांगली येथील 'संग्राम' संस्था आणि 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' या प्रश्नावर वर्षानुवर्षे बोलत आल्या आहेत. त्यांची सगळीच मते आम्हांस मान्य आहेत असे नाही. तथापि वस्तीतल्या बायकाच कोवळ्या मुलीच्या आगमनाची खबर सर्वांत आधी देऊ शकतात, हे त्यांचे म्हणणे कोणत्याही अनुभवी फौजदाराला पटेल. ज्या बाईला पोलीस स्वतःच धरून नेतात ती त्यांना खबर का देईल?

कायद्याच्या चौथ्या कलमाचाही येथे विचार व्हावयास हवा. दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती त्याखाली दोषी ठरते. हे कलम दलालासाठी होते हे उघड आहे. परंतु अक्षरशः वाचले तर आईच्या कमाईवर महाविद्यालयात शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि लेकीकडे राहणारी म्हातारी आईही त्यात सापडते. व्यवसाय गुन्हा नाही, पण त्या पैशाने मुलाची फी भरणे मुलाचा गुन्हा!

आता खटल्यांविषयी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे मानवी व्यापाराचे २०२१ साली २,१८९ आणि २०२२ साली २,२५० गुन्हे देशभर नोंदले गेले. २०२२ मधील पीडितांची संख्या ६,०३६ असून त्यांत २,८७८ बालके होती. एवढ्या मोठ्या देशात वर्षाला अडीच हजारांच्याही आत गुन्हे ही संख्या खऱ्या व्यापाराची नसून नोंदीच्या आळसाची आहे. त्यांतूनही शिक्षेपर्यंत पोहोचणारी प्रकरणे थोडीच. याचे कारण खटला चालविणाऱ्या कोणालाही विचारा. मुलगी पश्चिम बंगालची, कर्नाटकाची किंवा बांगलादेशची असते. तिला काही महिन्यांनी घरी पाठवितात. खटला उभा राहतो तेव्हा तिचे लग्न झालेले असते, समन्स जुन्या पत्त्यावर जाते आणि परत येते. आली तरी एका दिवसाच्या साक्षीसाठी दोन रात्रींचा प्रवास, वर आरोपीचे लोक न्यायालयाच्या आवारात. मग ती साक्ष फिरविते आणि 'साक्षीदार फितूर' असा शेरा बसतो. पंचही बहुधा नेहमीचेच, शाखेच्या ओळखीतले. उलटतपासणीत ते चार प्रश्नांत ढासळतात.

यावर उपाय नाही असे नव्हे. दृक्‌श्राव्य यंत्रणेद्वारे साक्ष घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरविले. कोलकात्याच्या किंवा बेळगावच्या न्यायालयात बसून मुलीला मुंबईच्या न्यायाधीशापुढे बोलता आले पाहिजे, तेही घटनेनंतर सहा महिन्यांच्या आत. पीडितेला सरकारी भरपाईची तरतूद आहे. खटल्याचा निकाल लागेपर्यंत ती रोखून धरण्याचे कारण नाही. बांगलादेशी मुलींचा प्रश्न अधिक बिकट. दोन्ही देशांत २०१५ साली या विषयावर सामंजस्य करार झाला; आणि व्यापारातून आणलेल्या परदेशी स्त्रीवर कागदपत्रे नसल्याबद्दल खटला भरू नये, असा सल्ला केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ सालीच राज्यांना दिला. तरी घुसखोरीविरोधी मोहिमेच्या जोरात पीडिता आणि आरोपी एकाच गाडीत बसविल्या जाण्याची भीती आहेच. जी मुलगी आपणास तुरुंगात पाठविले जाईल हे जाणते, ती दलालाचे नाव सांगणार नाही.

वस्त्या उठविण्याच्या उपायाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडी गोव्यात वास्को येथील बायणा किनाऱ्यावरची वस्ती जमीनदोस्त झाली. व्यापार गोव्यातून गेला नाही, तो पांगला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या गंगा-जमुना भागाची पोलिसांनी नाकेबंदी केली. बायकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. कामाठीपुऱ्याच्या चौदा गल्ल्यांतून हा व्यवसाय आपोआपच ओसरत चालला आहे, कारण जमिनीला भाव आला. तेथील जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात मालकाला आणि भाडेकरूला काय मिळणार याची चर्चा होते. खाटेचे भाडे रोज मोजणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच यादीत नाही. धंदा लॉजमध्ये, भाड्याच्या सदनिकांत, 'मसाज'च्या पाटीमागे आणि मोबाइलच्या पडद्यावर गेला. गल्लीत निदान आरोग्यसेविका पोहोचत होती. बंद सदनिकेतल्या मुलीपर्यंत कोणीच पोहोचत नाही. आणि 'पीटा'खालचे तपासाचे सारे तंत्र अजून गल्लीचेच आहे.

या व्यापारात सर्वांत सुखरूप कोण राहतो, असे विचारल्यास आम्ही जागेच्या मालकाकडे बोट दाखवू. दलाल बदलतो, घरवाली बदलते, मुली बदलतात. लॉज तेच राहते. तिसरे कलम जाणूनबुजून जागा देणाऱ्याला शिक्षा सांगते. अठराव्या कलमाखाली दंडाधिकाऱ्याला ती जागा रिकामी करविता येते आणि पुढे वर्षभर, तेथे बालक सापडल्यास तीन वर्षे, आपल्या परवानगीशिवाय ती कोणाला भाड्याने देऊ नये असा हुकूम करता येतो. 'मला ठाऊक नव्हते' हे मालकाचे नेहमीचे उत्तर. त्यावरही कायद्यात तोड आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नाही: झडतीत एखाद्या जागी हा प्रकार आढळल्याचे वृत्त मालक राहतो त्या भागात खपणाऱ्या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले, तर मालकाला त्याची जाणीव होती असे, उलट सिद्ध होईपर्यंत, न्यायालयाने गृहीत धरावे, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. तेव्हा पोलिसांनी यापुढे प्रसिद्धीस देण्याच्या निवेदनात पथकातील अधिकाऱ्यांची नावावळ थोडी आखडती घ्यावी आणि लॉजचे नाव, इमारतीचा क्रमांक व रस्ता न विसरता द्यावा. स्त्रियांची ओळख उघड होणार नाही ही काळजी घेऊन ते छापण्यास वृत्तपत्रांत जागा आहे. पुढच्या वेळी त्याच पत्त्यावर छापा पडला, तर मालकाला कलम तीनखाली का उभे केले नाही, हे मग तपास अधिकाऱ्याला लेखी विचारता येईल.